कोयत्यावरची शाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका अर्जावर तिचा अंगठा उठवला. त्या दिवशी दुपारी आम्ही भाकरी खाल्ली असेल, संध्याकाळी तिनं शेळी बांधली असेल, पण ते काही ध्यानात नाही. ध्यानात आहे तो अंगठा. रविवार होता. दिवस डोंगराला टेकला होता. अंगणभर बाळहिरडा वाळत पडला होता, वरून काळा, आतून अजून ओला. आणि ओट्यावर मंगलनं लिहून ठेवलेला कागद, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर वरवंटा.

मंगल आमची एकुलती एक पोरगी. ओतूरला कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, राहायला तिथल्याच वसतिगृहात. आमच्या घरातून बारावीच्या पुढं गेलेलं ते पहिलं माणूस. मी चौथी शिकलेला, सही करतो. ही, मंगलची आई, शाळेत गेली ती भाकरी थापायला. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि त्या कामाचा पगार उत्पन्नाच्या दाखल्यात धरला गेला, म्हणून जूनमध्ये पोर फी-माफीत बसली नाही. अर्धी फी भरली, अर्धी राहिली. माघात शाळेतली मुलं कमी झाली, एक बाई कमी करायची ठरली, ती ही. मंगलनं कॉलेजच्या क्लार्कला सांगितलं. त्यांना तिथं सगळे भाऊसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, घरची परिस्थिती बदललीय तर तसा अर्ज दे, आई-वडील दोघांच्या सहीचा, तलाठ्याचा दाखला जोडून. विशेष बाब म्हणून साहेबांपुढं ठेवतो. पण हॉल तिकिटं वाटायच्या आत.

रविवारी दुपारच्या एस.टी.नं परत जायच्या आधी मंगलनं अर्ज वाचून दाखवला. ही हिरडा पसरत होती, कान मात्र इकडं.

"परत वाच ते शेवटचं," ही म्हणाली.

"'तरी आमच्या कुटुंबाचा विशेष बाब म्हणून विचार व्हावा.'"

"आमी इशेष बाब!" ही हसत सुटली. "ऐकलं का ओ? जन्म गेला, कुनी साधी बाब म्हनलं न्हाई."

दाखला सोमवारी मिळणार होता, म्हणून कागद घेऊन मी जायचं ठरलं. पोर गेली. मग आम्हाला आठवलं, अंगठ्याला शाई कुठंय? मी सही केली मंगलच्या पेनानं. ही बघून म्हणाली, "कोंबडीनं उकरल्यागत सही तुमची. माझा अंगठा बगा, द्येवानं छापून दिलाय." मी म्हटलं, "छापलाय खरं, पण उठवायचा कशानं? काजळ लाव." तिनं काजळ लावलं नाही. कोयता घेतला, गंजलेला, त्याच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि एक हिरवा हिरडा ठेचून तिथंच घासला. घासता घासता पाणी काळं पडलं. तिची आजी अशीच भाताच्या पोत्यांवर खुणा करायची म्हणे. तिनं अंगठा त्यात बुडवला आणि कागदावर टेकवला.

उठला तो अगदी फिका. पावसाळ्यात भिंतीला ओल येते तेवढाच.

"ह्ये कोन घेनार?" मी म्हणालो.

"थांबा की जरा. ही शाई दमानं वर येती," ती म्हणाली, आणि अंगठा लुगड्याला पुसून उठली.

---

यंदा परत हिरडा आलाय. शिवरात्र झाली, भीमाशंकराची जत्रा आटपून माणसं खाली उतरली, आणि झाडांखाली टपटप सुरू झालं. मी आता झाडावर चढत नाही. खाली पडलेला गोळा करतो, तेवढाही वाकून होत नाही. मंगल फोनवर ओरडते, "आबा, कशाला जाता रानात? इकडं या ना माझ्याकडं." ती मास्तरीण आहे, तिकडं मंचरला. तिच्या घरात फरशी आहे, पंखा आहे. तिथं हिरड्याचा वास नाही.

तो वास कुणाला सांगून कळायचा नाही. नाकाला नव्हे, दाताला येतो. तोंड आपोआप आवळतं. हंगामात आमच्याकडच्या बायांचे हात पार मनगटापर्यंत काळे होतात, साबणानं जात नाहीत, पाडव्याला पुरणाची पोळी लाटतात ती त्याच काळ्या हातांनी. हिरड्याचा हात ओला असताना लोखंडाला लागला तर तिथं डाग पडतो. आधी काही दिसत नाही. दोन दिवसांनी दिसतो.

आमच्या दाराच्या कडीवर असा एक डाग आहे. इतकी वर्षं झाली. मी राखेनं घासून बघितलं, विटेनं घासून बघितलं. कडी झिजली.

---

सोमवारी पहाटे ती बांधावरच्या झाडाकडं गेली. मी पहिल्या एस.टी.नं जाणार होतो, तलाठ्याकडं आणि मग ओतूरला. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. भाकरी बांधून द्यायला ती येईल म्हणून थांबलो. एस.टी. आली, हॉर्न दिला, गेली. मला राग आला. शिव्या देतच बांधाकडं निघालो.

वाटेत एक गोष्ट जाणवली, तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. त्या झाडावर शेकरू असायचं. माणूस आलं की खटखट ओरडून रान डोक्यावर घ्यायचं. त्या दिवशी ते फांदीवर बसलेलं होतं, शेपूट खाली सोडून, आणि गप्प होतं.

ती बुंध्याला पाठ टेकून बसली होती. ओच्यात हिरडा. डोळे उघडे, घराच्या दिशेला. मी म्हटलं, "एस.टी. ग्येली की गं." मग जवळ गेलो.

डॉक्टरनं छातीचं सांगितलं. सांगू दे. तिनं कधी छातीचं नाव काढलं नव्हतं.

तिला न्हाऊ घालताना माझी थोरली बहीण, अक्का, हात चोळून चोळून दमली. बाकी सगळं निघालं, उजव्या अंगठ्याचं काळं निघालं नाही. अक्का म्हणाली, "राहू द्या. हंगामातली बाई हाय, हंगामातलीच जाऊ द्या." बाया म्हणाल्या, कुंकू लावून गेली, नशिबाची. नशिबाची होती तर मागं राहिली असती.

---

तिसऱ्या दिवशी राख भरून आल्यावर सदरा काढला, तेव्हा खिशात कागद लागला. विसरलो होतो. उघडून बघितला.

अंगठा काळा झाला होता.

म्हणजे रविवारी होता तसा नव्हता. रेघा दिसत होत्या, एकात एक, झाडाच्या खोडात असतात तशा. मधे एक आडवी चीर, ती विळ्याची, मंगलच्या वेळी पोटुशी असताना लागलेली. मी कागदाची घडी घातली. पाचव्या दिवशी परत उघडला. आणखी काळा. ती तिकडं जळून राख झाली, नदीत गेली, आणि इकडं माझ्या खिशात तिचा अंगठा रोज थोडा थोडा वर येत होता.

मला माहीत होतं हे असंच होतं. लोखंड आणि हिरडा, त्याला वेळ लागतो, ती सांगून गेली होती. माहीत असून अंगावर काटा यायचा तो यायचाच.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणं, जिथं तिला आणून निजवलं होतं तिथं तांदळाचं पीठ पसरलं. मधे दिवा, वर पाटी पालथी. सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं, म्हणजे गेलेलं माणूस कशाच्या रूपानं कुठं गेलं ते कळतं. आमच्या आई-बापाच्या वेळी मी हे बघितलेलं आहे. तेव्हा मला काही दिसलं नव्हतं, इतरांना दिसलं होतं.

सकाळी अक्कानं पाटी उचलली. सगळे वाकले.

"पाखराचं पाऊल हाय," अक्का म्हणाली.

"गाईचं खूर वाटतंय मला," कोणीतरी म्हणालं.

मी बघितलं. पिठात एक गोल दाब होता, लांबट, आणि त्याच्या मधून एक आडवी चीर. मंगल शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं नाही.

त्याच दिवशी नदीवरून येताना तिनं विचारलं, "आबा, या सगळ्यात अर्जाचं राहिलं असेल ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "दिला."

"कधी?"

"दिला म्हनलं ना!"

हे मंगलला आजवर सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा कळेल.

---

का दिला नाही, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दुःखात होतो म्हणून, असं लोक म्हणतील. दुःखात माणूस शेळ्यांना पाणी दाखवतोच की. मला तो कागद द्यायचा नव्हता, एवढीच गोष्ट. कागदात ती जिवंत होती. 'आईचे काम बंद झाले आहे,' असं मंगलनं लिहिलं होतं. आई बंद झाली असं कुठं लिहिलं नव्हतं. तो खिडकीतून आत सरकवला असता तर तिकडं कुणीतरी विचारलं असतं, कुणीतरी त्यावर रेघ मारली असती, फाइलला टोचून कपाटात टाकला असता. आणि माझ्याकडं काय राहिलं असतं? फोटो नव्हता तिचा. लग्नातला नाही, रेशनकार्डावरचा नाही. तिचं या जगात उमटलेलं एवढंच.

तेरावं झालं. तलाठ्याचा दाखला आणला. तोही घडीत ठेवला. मंगल ओतूरला गेली. मी हिरडा गोळा करत राहिलो. रोज सकाळी सदरा घालताना खिसा चाचपायचा. कागद कधी गार लागायचा, कधी कोमट. आता तुम्ही म्हणाल, अंगाच्या उबेनं. असेल.

मग एस.टी.च्या कंडक्टरनं चिठ्ठी आणून दिली. मंगलचं अक्षर. 'आबा, भाऊसाहेब म्हणतात अर्ज आलाच नाही. तुम्ही कोणाच्या हातात दिला? शनिवारी हॉल तिकिटं वाटणार. माझं नाव थांबवलेल्यांत लावलंय. या वर्षी बसले नाही तर मला पुढं शिकायचंच नाही, सांगून ठेवते. मी त्यांना आईचं काही बोलले नाही. मला ते बोलवत नाही.'

तिला पण बोलवत नव्हतं. एकाच घरातली माणसं आम्ही.

---

गुरुवारी गेलो. कागद खिशात होता. पण द्यायला म्हणून गेलो नव्हतो, हे खरं सांगतो. मुदत मागायला गेलो होतो. आणखी थोडे दिवस.

जुन्नरला एस.टी. बदलली. पुढं लेण्याद्रीचा डोंगर आला, त्यातली काळी भोकं ओळीनं दिसतात. लहानपणापासून बघितलेली. त्या दिवशी मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो. तिकडून कुणी बघतंय असं वाटत राहिलं.

कॉलेजच्या ऑफिसला एक खिडकी होती, तिला लोखंडी गज. आत टेबलाशी भाऊसाहेब. मध्यम वयाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी मंगलचं नाव सांगितलं, तिचा बाप म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय चाललंय काय राव तुमच्या घरात? परवा तुमच्या मंडळी येऊन गेल्या, आज तुम्ही. आणि कागद काही कोणी देईना."

"कोन मंडळी?"

"अहो, मंगलची आई. 'मंगीच्या अर्जाचं काय झालं' म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, अर्ज आलाच नाही. तर म्हणाल्या, 'यांच्या खिशात आसंल.'"

माझा हात खिशावर गेला होता, तो त्यांनी बघितला.

"आहे ना? मग द्या की."

"कशी व्हती बाई?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? तुमच्या बायकोला मी काय ओळखतो? डोंगरातली. हात काळे. इथं गज धरून उभ्या होत्या." त्यांनी गजाकडं बोट केलं. "बघा, डाग. शिपायानं पुसला दोनदा. जात नाही. उलट आज जास्त दिसतोय."

मी बघितलं. तिसऱ्या गजावर, बाहेरच्या बाजूनं, हाताच्या उंचीवर. मी तिथं हात लावला नाही.

कागद न देता तिथून निघालो. वसतिगृह पलीकडच्या गल्लीत होतं, तिथं पोर होती, तिच्याकडं पण गेलो नाही. मागून भाऊसाहेब ओरडत होते, "अहो पावणं! शनिवारच्या आत!"

आता मला कुणी शहाणपण शिकवू नये. हंगामात निम्म्या डोंगरातल्या बाया काळे हात घेऊन ओतूरच्या बाजाराला जातात. त्यांतली कुणी नात्यातली, कुणी मंगलच्या आईची मैत्रीण, पोरीसाठी म्हणून चौकशीला गेली असेल. मी अक्काला विचारलं. ती गावाबाहेर पडली नव्हती. मंगलला आडून आडून विचारलं, तुझ्याकडं कोण आलं होतं का गावाकडचं? नाही म्हणाली. मग विचारायचं सोडलं. पण एक मला कुणी समजावून सांगावं. खिशातलं कुणाला माहीत होतं? ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आलो तर दाराला कडी होती तशी होती. मी चूल पेटवली नाही. ओट्यावर बसलो, त्याच जागी, आणि कागद उघडला. उजेड जायला आला होता. माझी सही दिसेनाशी झाली, मंगलचं अक्षर दिसेनासं झालं, अंगठा दिसत होता.

मी म्हटलं, "संगं न्येतीस का मला? का सोडतीस?"

मला माझाच राग आला. ती काय मला घाबरवायला आलेली नव्हती. नांदायला आल्यापासून तिनं मला कधी घाबरवलं नाही, टोचून बोलली तेवढंच. ती तिच्या कामाला आली होती. मी तीन आठवडे तिचा हात धरून ठेवला होता, आणि पलीकडं पोर खोळंबली होती.

मला वाटलं होतं, कागद दिला की ती जाईल. खरं तर मी दिला नाही म्हणून ती जात नव्हती.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. कोयता घेतला. तिनं ठेवला होता तिथंच होता, वळचणीला. त्याच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. अंगणातला एक हिरवा हिरडा ठेचला, घासला. पाणी काळं पडायला लागलं. मंगलचं पेन घरात होतं, पण मला ते नको होतं. एक बारीक काटकी तासली, त्या पाण्यात बुडवली, आणि कागद मांडीवर घेऊन तिच्या अंगठ्याखाली लिहिलं. चौथीचं अक्षर माझं. दोन शब्द लिहायला कोयत्यावरचं पाणी सुकत येईपर्यंत बसलो. 'सौ.' लिहू का नको कळेना. मग लिहिलं. ती 'सौ.' म्हणूनच गेली होती, ते कुणाला खोडता येणार नव्हतं.

पहिली एस.टी. धरली. लेण्याद्री आलं तेव्हा त्या काळ्या भोकांकडं तोंड करून बसलो.

भाऊसाहेबांनी खिडकी उघडली तेव्हा मी पहिलाच होतो. कागद आणि दाखला आत सरकवला. त्यांनी कागद उजेडाकडं धरला. एक हात सवयीनं गजावर ठेवलेला.

"चला, आणला एकदाचा. अंगठा झकास उठलाय. आणि हे खाली काय खरडलंय? काही दिसत नाही."

"दिसंल," मी म्हणालो. "ती शाई दमानं वर येती. चार दिवस थांबा."

"चार दिवस कुठले? उद्या हॉल तिकिटं. आजच साहेबांपुढं ठेवायला पाहिजे. काय लिहिलंय ते बोला, मी शेरा मारतो."

लग्नात चारजणींनी वाट अडवली होती, तेव्हा एकदाच मी तिचं नाव घेतलं होतं. त्यानंतर नाही. घरात 'अगं', बाहेर 'मंगीची आई'. मी गज धरला, कुठला ते बघितलं नाही.

"सौ. ठमाबाई," मी म्हणालो. "मयत."

"कधी?"

"तीन आठवडं झाले."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी गजावरचा आपला हात हळूच मागं घेतला, कागद टेबलावर नीट सपाट केला, आणि शिक्का मारला. बाजूला मारला, तिच्या अंगठ्याला लागू न देता.